नॉर्वेत वन्यजीव शिकायला जायचंय, तर रोजचा दिवस कसा असतो?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची एक विद्यार्थिनी प्राणिशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला नॉर्वे किंवा स्वीडनमध्ये वन्यजीव विषयात एम.एस्सी. करायचं आहे. तिथल्या मुलांचे व्हिडिओ तिने पाहिलेत: बेशुद्ध केलेल्या अस्वलाला रेडिओ कॉलर लावताना, स्कीवरून लांडग्यांच्या मागावर, वर आकाशात हिरवा अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश. तिला विचारायचंय की रोज असंच असतं का, थंडी झेपेल का, एकटीने जंगलात जाणं जमेल का. शिवाय आईला अस्वलांची धास्ती आहे, तिला काय सांगायचं?

मी वयाने बरीच मोठी आहे, म्हणून तुला ‘तू’ म्हणते. मी संगमनेर तालुक्यातली. नॉर्वेत एवेनस्टाडला एम.एस्सी. केलं, त्यानंतर आणखी दोन हिवाळे तिथेच फील्ड असिस्टंट म्हणून काढले. आता पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांवर लांडगे आणि मेंढपाळ यांच्यावर काम करते.

थंडी झेपेल का, याचं उत्तर कपड्यांत आहे आणि ते सोपं आहे. अंगालगत लोकर, सुती काही नाही, वर वारा अडवणारा थर, आणि चालायला लागायच्या आधी एक थर काढून बॅगेत. घाम आला की थांबल्यावर तोच गोठवतो, म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. महिन्याभरात अंगवळणी पडतं. तुझ्या प्रश्नाच्या पोटात जो प्रश्न आहे तो मला वेगळा वाटतो. ज्या दिवशी काहीच घडत नाही, त्या दिवशी मी तिथे काय करत असेन आणि ते मला आवडेल का? दहातले नऊ दिवस तसेच असतात, आणि व्हिडिओ उरलेल्या एका दिवसाचा असतो.

बरंच काही कुठे जातेस आणि कुठल्या विषयावर प्रबंध करतेस यावर ठरतं, हे आधी मान्य करते. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलांमुळे सोबत रायफल घेऊन जातात. दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात हिवाळाभर बर्फापेक्षा चिखलच जास्त दिसेल. उत्तरेत ट्रोम्सोला अरोरा नेहमीचा, आमच्याकडे क्वचित. तेव्हा मी सांगते ते एवेनस्टाडचं समज.

एवेनस्टाड हे ओस्तरदालन नावाच्या लांबलचक खोऱ्यातलं छोटंसं ठिकाण. नॉर्वेची सर्वांत लांब नदी ग्लोमा शेजारून वाहते, नदीच्या कडेने डिझेलवर चालणारी रोरोसची रेल्वे जाते आणि दोन्ही अंगांना स्प्रूस, पाइन, बर्चचं जंगल. सगळ्या स्तूर-एल्वदाल तालुक्याची लोकसंख्या अडीच हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढी. डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वापाच तासांचा, आणि डोंगरामुळे त्यातलंही थेट ऊन थोडंच मिळतं.

त्या डिसेंबरातला एक दिवस सांगते. सकाळी साडेसातला काळोख, पारा उणे २३ वर. गाडीचं इंजिन रात्रभर विजेच्या हीटरला जोडून ठेवलेलं, नाहीतर ती सुरूच होत नाही. निघण्यापूर्वी फळ्यावर लिहायचं: कुठे जातोय, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत. हा नियम कुणी मोडत नाही. परतायची वेळ टळून गेली की फोन येतो, फोन लागला नाही की माणूस निघतो. तू एकटीने जाण्याबद्दल विचारलंस, तर एकटेपणाची व्यवस्था अशी असते. जंगलात तू एकटी असतेस, पण तू कुठे आहेस हे कुणाला तरी ठाऊक असतं.

त्या दिवशी काम होतं लांडग्यांचा माग काढायचं. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हिवाळ्यात लांडग्यांची नोंद बर्फातल्या पावलांवरून आणि विष्ठेतल्या डीएनएवरून होते. पहिल्यांदा गेले तेव्हा मला एकाच प्राण्याची सरळ रेघ दिसली. वहीत ‘एक’ लिहून स्की ढकलत निघाले. दीड-दोन किलोमीटरवर वाट उतारावर वळली आणि तिथे ती रेघ उलगडली. चार लांडगे होते. बर्फात चालायला सोपं जावं म्हणून ते एकामागोमाग, पुढच्याच्या ठशात पाय टाकत जातात. वळणावर, ओंडक्यापाशी किंवा खेळायला लागले की पांगतात, तेव्हाच खरी संख्या कळते. मी ‘एक’ खोडून ‘चार’ लिहिलं आणि हात थरथरत होते ते थंडीने नाही. लांडगे तिथून जाऊन कितीतरी तास झाले होते. मला साहस म्हणून आठवतं ते हेच. चार हिवाळ्यांत प्रत्यक्ष लांडगा मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा काही सेकंद.

मागाच्या शेवटी कधी कधी शिकार सापडते. आधी डोमकावळ्यांचा आवाज येतो, मग बर्फात तांबडा पट्टा. हिवाळ्यात लांडग्यांचा कळप साधारण तीन-चार दिवसांनी एक मूस मारतो. मूस म्हणजे तिकडचं अवाढव्य हरीण, त्याला तिथे ‘एल्ग’ म्हणतात आणि त्या जंगलाचं सगळं अर्थकारण त्याच्याभोवती फिरतं. आपलं काम तिथे पोहोचून जबडा घेणं, मांडीचं हाड फोडून मगज पाहणं, किती खाल्लंय ते लिहिणं. निरोगी जनावराचा मगज घट्ट आणि पांढरट असतो, उपासमारीत तो लालसर, पातळ होतो. बोटं मोज्याबाहेर काढून हे करायचं, एक-दोन मिनिटं, पुन्हा मोज्यात, पुन्हा बाहेर.

एकदा उणे वीसमध्ये माझा फोन चाळीस टक्के बॅटरी दाखवता दाखवता एकदम बंद पडला. नकाशा त्यात, जीपीएसही त्यातच. दुपारचे दोन वाजून गेले होते, तासाभरात अंधार पडणार होता. कागदी नकाशा आणि होकायंत्र पिशवीत होतं, कारण मार्गदर्शकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण खरी सुटका केली ती माझ्याच स्कीच्या खुणांनी. ताजा बर्फ पडला नव्हता, त्या खुणांवरून आले तशी परत फिरले. फोन आणि सुटी बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवायची, हे तेव्हापासून एकदाही विसरले नाही. चिक्कीसुद्धा आतल्याच खिशात ठेव. बाहेरच्या खिशातली दाताने तुटत नाही.

खाण्याचं निघालंच आहे तर सांगते. तिथे प्रत्येकजण डबा घेऊन निघतो, त्याला ‘मात्पाक्के’ म्हणतात: तपकिरी पाव, त्यावर चीजचा एक काप, मध्ये कागद. ‘ब्रूनोस्त’ नावाचं तपकिरी चीज आटवून केलेलं असतं, चव कंदी पेढ्याच्या जवळ जाते. मला पहिल्याच घासाला घरची आठवण आली. घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी खुशाल ने. तूप, पेढे, खवा मात्र नको, कारण युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

मे महिन्यात बर्फ वितळला की लेंड्या मोजायच्या. गंमत वाटेल, पण माझा अर्धा प्रबंध त्यावर उभा आहे. जंगलात ठरवलेल्या बिंदूवर काठी रोवायची, तिला ५.६४ मीटर दोरी बांधून गोल फिरायचं, म्हणजे १०० चौरस मीटरचं वर्तुळ होतं. त्यात मूसच्या लेंड्यांचे ढीग मोजायचे. हिवाळ्यातल्या लेंड्या गेल्या शरदातल्या पानांच्या वर असतात, त्याआधीच्या पानांखाली, यावरून जुन्या-नव्या ओळखायच्या. मग पुढच्या बिंदूकडे. कधी दलदलीतून, कधी पडलेल्या झाडांवरून, दिवसाला वीस-पंचवीस वर्तुळं, आणि त्यांतली निम्मी रिकामी. रिकाम्या वर्तुळाचा शून्यही तितक्याच काळजीने लिहावा लागतो. कंटाळून एखादा बिंदू ‘तिथे काही नसणारच’ म्हणून सोडलास, तर तुझी सगळी आकडेवारी खोटी होते आणि ते तुझ्याशिवाय कुणालाच कळत नाही. या कामाचा कणा मला इथेच सापडला. म्हणून विचारते: दिवसभरात एकही प्राणी दिसला नाही तरी पंचविसावं वर्तुळ तू पहिल्याइतक्याच लक्षाने पाहशील का?

याची परीक्षा जाण्याआधी इथेच देता येते. वनखात्याच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून जा, कुणाच्या तरी कॅमेरा ट्रॅपच्या कामात दोन महिने बॅटऱ्या बदल, हजारो फोटोंमधून गवत हललेले फोटो वेगळे काढ. त्यात मन रमलं तर नॉर्वेत रमेल.

उन्हाळा थोडक्यात सांगते: उजेड संपत नाही, डास आणि चावऱ्या माश्या संपत नाहीत, झोपायला काळे पडदे लागतात. शरदात मात्र थांबायला हवं, कारण तिथे तुझ्या मनाची परीक्षा होते.

ऑगस्टपासून जंगलात मूसच्या अंगावर राहणारी एक माशी उडते. ती माणसाच्या डोक्यावर बसली की पंख टाकून देते आणि केसांत शिरते. अंगाला चिकटून चालते, चिरडत नाही. संध्याकाळी फणीने केस विंचरून एकेक काढायची. त्रास आहे, धोका फारसा नाही.

परीक्षा आहे ती शिकारीची. २५ सप्टेंबरला मूसची शिकार सुरू होते आणि सगळं खोरं नारिंगी टोप्या घालतं. आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत वाढलेलो, शिकारी म्हणजे गुन्हेगार हे आपल्या डोक्यात पक्कं. तिथे तुझा वर्गमित्र, प्राध्यापक, दुकानातली बाई, सगळे परवानाधारक शिकारी असतात. नॉर्वेत वर्षाला पंचवीस-तीस हजार मूस मारले जातात, आणि किती, कुठे, नर की मादी की पिल्लू, हे कोट्याने ठरतं. शिकारी रोज किती मूस पाहिले याची नोंद भरून देतात. त्या नोंदींवर संख्येचा अंदाज चालतो. मारलेल्या जनावराचे जबडे संशोधकांकडे येतात. ते उकळून, घासून, दात कापून त्यातले थर मोजून वय काढायचं काम मी आठवडेच्या आठवडे केलंय.

पहिल्या वर्षी एका टोळीबरोबर गेले तेव्हा मूस पडला आणि मला रडू आलं. टोळीतल्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने काही समजावलं नाही. त्याने टोपी काढली, सगळे जण काही क्षण गप्प उभे राहिले आणि मग कामाला लागले. मी शाकाहारी होते, अजूनही आहे, मांस खाल्लं नाही आणि कुणी आग्रह केला नाही. मत बदललं पाहिजे असं मी तुला सांगणार नाही. पण तिथे मूस फार वाढले की कोवळी पाइनची रोपं वाढूच देत नाहीत, हिवाळ्यात बर्फ साचला की खाली खोऱ्यात उतरतात आणि रस्त्यावर, रुळांवर मरतात. मूसचे पाय इतके उंच की गाडीची धडक पायांना बसते आणि सगळं धड काचेवर येतं, माणसंही दगावतात. त्यांना रस्त्यापासून दूर ठेवायला मी होते तेव्हा आमच्या तालुक्यात जंगलात मुरघासाचे गठ्ठे ठेवायचे. हे सगळं पाहूनही शिकारीच्या विरोधात राहता येतं. न पाहता, तोंड फिरवून दोन वर्षं काढायची असतील, तर मात्र तो अभ्यासक्रम तुझ्यासाठी नाही.

आता माणसांचं. शिक्षण इंग्रजीत असतं, पण जमीनमालक, शिकारी, मेंढ्या पाळणारे नॉर्वेजियनच बोलतात, तेही खोऱ्याच्या बोलीत. वर्गात ‘मी’ला ‘याय’ शिकवतात आणि बाहेर आल्यावर माणसं ‘ये’ म्हणतात. पहिल्या दिवसापासून भाषा शिकायला लाग. नॉर्वेत उन्हाळ्यात वीसेक लाख मेंढ्या डोंगर-जंगलात चरायला मोकळ्या सोडतात आणि शरदात गोळा करून आणतात. सोबत धनगर नाही, रात्रीचा वाडा नाही. हे मला पचायलाच वेळ लागला. संपूर्ण नॉर्वेत लांडगे काही डझन, स्वीडन धरून काही शे, आणि ते सगळे मूठभर पूर्वजांचे वंशज. १९८३ साली स्वीडनच्या वेर्मलांडमध्ये पिल्लं झाली, पुढे १९९१ च्या सुमारास पूर्वेकडून आणखी एक नर आला म्हणून वंश तगला. एवढ्या थोड्या लांडग्यांवरून तिथे घराघरांत भांडणं होतात.

आणि इथे तुझ्याकडे देण्यासारखं काही असेल. २०१३ साली वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा अकोले तालुक्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नॉर्वेचे संशोधकही होते. उसाच्या, माणसांनी गजबजलेल्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि तितकेच तरस निघाले. माझं गाव तिथून जवळच. रात्री परसात बिबट्या येऊन गेल्याचं आजी सकाळी चहा गाळता गाळता सांगायची. चर्चासत्रात मी हे सांगितलं तेव्हा एका मेंढ्यावाल्याने विचारलं, ‘मग तुम्ही झोपता कसे?’ आम्ही तासभर बोललो. मी गोठ्याच्या दाराबद्दल, कुत्र्यांबद्दल, धनगराच्या जागरणाबद्दल सांगत राहिले आणि तो त्याच्या कोकरांबद्दल. आजही माझ्या कामाचा विषय तोच आहे, आणि तो मला त्या संध्याकाळी मिळाला.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर, थरार कमी, मोजमाप जास्त, आणि माणसांशी बोलणं तुला वाटतं त्याहून खूप जास्त.

आता व्यवहार. मी गेले तेव्हा नॉर्वेत परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षण फुकट होतं. २०२३ च्या शरदापासून युरोपबाहेरच्यांना फी लागू झाली. स्वीडनमध्ये ती २०११ पासून आहे. फीशिवाय नॉर्वेत वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी दीड लाख क्रोनरच्या वर रक्कम दाखवावी लागते. आठवड्याला वीस तास काम करायची मुभा असते, पण छोट्या गावात काम मिळणं अवघड, त्यावर हिशोब मांडू नकोस. शिष्यवृत्ती किंवा संशोधन प्रकल्पातली जागा नसेल तर कर्ज काढून जाण्याआधी घरच्यांबरोबर बसून नीट आकडे मांड. हे माझ्या वेळी नव्हतं, म्हणून माझा अनुभव तुला जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसरं, गाडी. फील्डवरची निम्मी कामं गाडी येत असेल त्यालाच मिळतात. गिअरची गाडी इथेच शिकून ये, परवाना काढून वर्षभर चालव. भारतीय परवान्यावर तिथे मर्यादित काळच चालवता येतं, तो नियम जाण्याआधी वाच. तिथला परवाना महाग, आणि त्यात निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं.

तिसरं, संख्याशास्त्र आणि ‘आर’, म्हणजे आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा. हिवाळ्याच्या काळोखात मी जंगलात होते त्याच्या दुप्पट वेळ संगणकासमोर होते. आर थोडं येत असेल तर पहिल्या सत्रात श्वास घेता येईल.

आणि काळोखाचं मनावर येतं, हे लपवत नाही. नोव्हेंबरात मला सकाळी उठवेना, कुणाशी बोलावंसं वाटेना. मग ठरवलं की भर दुपारी, कितीही काम असो, अर्धा तास बाहेर चालायचं. तिथले लोक कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतात, तेही सुरू केलं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ‘दुगनाद’चा, म्हणजे सामूहिक श्रमदानाचा. वसाहतीतले सगळे मिळून अंगण झाडतात, लाकडं फोडतात, नंतर एकत्र खातात. एरवी नजर चुकवणारी माणसं त्या दिवशी बोलतात. एकही दुगनाद चुकवू नकोस.

राहिली आई. आईला खरं ते सांग. चार हिवाळे आणि दोन उन्हाळ्यांत मला जिवंत अस्वल एकदाही दिसलं नाही. एकदा ब्लूबेरी भरलेली विष्ठा दिसली, एकदा पाइनच्या सालीवर नखं. हिवाळ्यात तर अस्वलं झोपलेलीच असतात. माझ्या ओळखीतल्या मुलामुलींना जे काही लागलं ते बर्फाने: मनगट मोडलं, गुडघा मुरगळला, आणि तेही जंगलात नाही, वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंतच्या निसरड्या वाटेवर. बुटाखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, त्यांना ‘ब्रोड्डर’ म्हणतात, स्वस्त असतात. आणि अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून कोटाला लटकवायची चमकणारी पट्टी. आईला सांग की पहिल्याच आठवड्यात या दोन वस्तू घेणार आहेस, आणि घेतल्यावर फोटो पाठव.